दमा नसलेली माणसं पाहिजेत

दम्यावरच्या रिसर्चमध्ये काम करते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेशंट मिळतात का हो तुम्हाला?" मिळतात, भरपूर मिळतात. पुण्यात दम्याच्या पेशंटला काय तोटा. बांधकामांची धूळ, खिडकीतली कबुतरं, सिग्नलला उभ्या गाड्यांचा धूर, आणि प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर माजलेलं काँग्रेस गवत. या गवताची भारतातली पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली बरं का, म्हणजे तो मानही आपलाच.

मिळत नाहीत ती दमा नसलेली माणसं. आणि खरं सांगायचं तर माझा अर्ध्याहून जास्त वेळ त्यांच्याच मागे जातो.

मी रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. भारदस्त वाटतं पण काम म्हणजे सकाळी ओपीडीत माणसं जमवायची, त्यांना समजावून सह्या घ्यायच्या, फुंकायला लावायचं, रक्त घ्यायचं, बेडका घ्यायचा, दुपारी ते सगळं बाटल्यांमध्ये भरून फ्रीजरमध्ये रचायचं आणि संध्याकाळी एक्सेलशी भांडत बसायचं. लॅबमध्ये जी मुलं बसतात त्यांना वाटतं मी माणसं आणणारी, ओपीडीतल्या सिस्टरना वाटतं मी लॅबवाली. मधल्यामध्ये आहे.

दम्याचे पेशंट हो म्हणतात त्याची कारणं साधी आहेत. श्वासाची टेस्ट फुकट होते, डॉक्टर जरा निवांत बघतात, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी अर्धा तास बसून त्यांचं ऐकून घेतं. रात्री तीनला धाप लागून उठून बसलेल्या माणसाला घरातले पण नंतर नंतर कंटाळतात हो. पण त्यांच्यातही चाळणी लागते. मागच्या महिन्याभरात मोठा अटॅक येऊन स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर तो माणूस आत्ता नको, कारण ज्या पेशी आम्हाला मोजायच्या असतात त्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या गोळ्यांनी पार तळाला गेलेल्या असतात. दिवाळीनंतर हेच होतं, पेशंट खूप पण घेता येण्यासारखे थोडे. त्याच्या आधी कोजागिरी. कोजागिरीला रात्रभर जागून खिरीतून दम्याचं औषध घ्यायला जाणारे आमच्याकडे दरवर्षी असतात, शिकलेले पण असतात, मी कुणाला हसत नाही. त्या पुडीत काय होतं विचारलं तर "ते सांगत नसतात" असं उत्तर येतं, मग तारीख पुढे ढकलायची आणि डायरीत लिहून ठेवायचं, दुसरं काय.

आणि पंप. पंपाचं नाव काढलं की चेहरे बदलतात. "सवय लागते त्याची", "शेवटचा उपाय आहे तो", हे ऐकून ऐकून कान किटले. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा मात्र ४० टक्क्यांच्या वर, असे २०१९ चे जागतिक आकडे आहेत, आणि त्यामागे जी कारणं सांगतात त्यात हे पंप न घेणं अगदी वरच्या नंबरला आहे. एक आई मुलीला घेऊन आली होती, मुलगी पंचविशीतली, सगळं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "मॅडम नाव कुठे येणार नाही ना, स्थळं बघतोय." मी तिला आमची नळी दाखवली, त्यावर फक्त कोड असतो, नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळी, पासवर्डमध्ये, ती बघायची परवानगी मोजक्या लोकांना. तिनं नळी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि मग सही केली. फॉर्ममध्ये गोपनीयतेवर एक अख्खा परिच्छेद आहे, तो तिनं वाचलाच नाही.

आता मूळ दुखणं. निरोगी माणसं.

निरोगी माणूस कशाला पाहिजे हा प्रश्न मला स्वतः ते निरोगीच विचारतात. "मला काही झालेलं नाही, मग माझं रक्त कशाला?" तुम्हाला काही झालेलं नाही म्हणूनच पाहिजे काका! दमा असलेल्याच्या रक्तात अमुक एक गोष्ट वाढलेली दिसली, तर ती कुणाच्या तुलनेत वाढलेली? आपल्याकडे हा प्रश्न जास्तच किचकट आहे. युरोप-अमेरिकेतल्या पेपरात लिहिलेलं असतं की रक्तात इओसिनोफिल ३०० च्या वर गेले की जास्त समजा, पण आपल्याकडे पोटात जंत असले तरी ते वाढतात, हत्तीरोगाच्या भागातनं आलेला असेल तरी वाढतात, सर्दी-शिंकांची ॲलर्जी असली तरी वाढतात. दमा नसलेल्या धडधाकट माणसाचा आकडा पण चारशे येतो कधीकधी. श्वासाच्या टेस्टचं तेच. २०१२ साली २६ देशांतल्या ७४ हजारांहून जास्त निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या लोकांच्या फुंकरी घेऊन जगासाठी नॉर्मलचे तक्ते बनवले, फार मोठं काम होतं ते, पण त्यात भारतीय उपखंडासाठी वेगळा तक्ता नव्हता, आपण "इतर" मध्ये. म्हणजे आपलं नॉर्मल आपल्यालाच जमवायचं आहे, आणि नॉर्मल म्हणून यायला कुणी तयार नाही.

सोपा मार्ग सगळ्यांना सुचतो, स्टाफ घ्या, कॉलेजची मुलं घ्या. पहिली अडचण वयाची, आमचे पेशंट चाळीस-पन्नाशीचे आणि मुलं वीस-बावीसची, तुलना करून काय मिळणार. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. विद्यार्थ्याला सरांनी विचारलं तर तो नाही म्हणू शकतो का? हाताखालची माणसं, विद्यार्थी यांच्यावर दबाव येऊ शकतो म्हणून त्यांना घेताना जपा असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय आणि एथिक्स कमिटी त्यावर बरोब्बर बोट ठेवते. आमच्याकडे म्हणून नियम आहे, ज्याचा बॉस रिसर्चमध्ये आहे त्याला बॉसनं विचारायचंच नाही, मी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर ते कुणाला कळणार नाही. पेशंटचे भाऊ-बहीण, मुलं पण चालत नाहीत, दम्याला घराण्याचा धागा असतो.

मग राहतात नवरा-बायको. हे मला फार पटलेलं आहे. घर एकच, धूळ एकच, फोडणीचा ठसका एकच, आणि रक्ताचं नातं नाही. कागदावर एकदम परफेक्ट. प्रत्यक्षात, नवरा पेशंट असला की बायको बरोबर आलेलीच असते, बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, ती लगेच हो म्हणते. बायको पेशंट असली की नवरा गेटवर सोडून ऑफिसला गेलेला असतो. त्याला फोन केला तर "रविवारी बघू". त्यामुळे आमच्या निरोगी यादीत बायकाच बायका, आणि आता पुरुष पाहिजेत म्हणून मी रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन आले आहे.

हो म्हटलेली बायको पण खरंच निरोगी आहे का हे बघावं लागतं, आणि इथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "तंबाखू खाता का?" नाही. "सिगारेट, बिडी?" शी, नाही. "मिशरी लावता का?" "ती लावते की, सकाळी." जळका तंबाखूच तो, पण तिच्या हिशोबात ते दात घासणं आहे, व्यसन नाही. तसंच चुलीचं. आता गॅस आहे पण माहेरी पंधरा-वीस वर्षं चुलीपुढं बसलेली असते, ते आपणहून कोण सांगणार. ज्यांनी फॉर्म इंग्रजीत बनवला त्यांच्या फॉर्ममध्ये मिशरीचा रकाना नव्हता, तो आम्ही घालून घेतला.

शिवाय सकाळी येताना काय खाल्लं हे पण विचारायचं. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायचं एक मशीन आहे, फेनो म्हणतात त्याला, ते स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे जोरात फुंकायच्या टेस्टच्या, आधी करायचं असतं, आधी जोरजोरात फुंकलं तर आकडा बदलतो, आणि पालक, बीट असलं काही खाऊन आलं तर आकडा वर जातो. माणूस मुद्दाम रिकाम्या पोटी नको म्हणून पालक पराठे खाऊन आलेला असतो आणि आम्ही त्याला परत पाठवतो, त्याला वाटतं काय येडी माणसं आहेत ही.

इथपर्यंत सगळं ठीक चालतं. खरी परीक्षा बेडक्याची.

रक्त द्यायला लोक घाबरतात पण देतात. तीन-चार चमचे रक्त जातं, "अशक्तपणा येईल का" विचारतात, चहा-बिस्कीट खातात, मोकळे. बेडका मात्र नको वाटतो, आणि मला ते समजतं. परक्या माणसासमोर खाकरून थुंकायचं, तेही डबीत, आणि ती डबी एक मुलगी हातात घेऊन उजेडात धरून बघणार. पण काय करणार, दम्याची सूज श्वासनलिकेत असते, रक्तात तिची फक्त सावली दिसते. दुर्बीण घालून बघणं हा दुसरा पर्याय, त्याला निरोगी माणूस कशाला तयार होईल. म्हणून बेडका. १९९० च्या सुमाराला कॅनडात हॅमिल्टनला मॅकमास्टर विद्यापीठातल्या फ्रेडी हारग्रीव्ह यांच्या टीमनं खारट पाण्याची वाफ देऊन बेडका सुटा करायची पद्धत बसवली. मग २००२ साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला, फक्त ७४ पेशंट, एक वर्ष, अर्ध्यांचं औषध नेहमीसारखं लक्षणं बघून ठरवलं आणि अर्ध्यांचं बेडक्यातल्या इओसिनोफिलवरून. नेहमीच्या गटात मोठे अटॅक १०९, बेडकावाल्या गटात ३५. मला हा आकडा पाठ आहे कारण "त्या घाणीत काय मिळतं तुम्हाला" असं विचारणाऱ्याला तोच सांगते.

तर होतं असं. आधी श्वासनलिका मोकळी करणारं सालब्युटामॉल द्यायचं, पंधरा मिनिटं थांबून फुंकायला लावायचं, तो आकडा धरून ठेवायचा. मग नेब्युलायझरमधून साडेचार टक्के मिठाच्या पाण्याची वाफ, समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के असतं, म्हणजे त्याहून खारट. पाच मिनिटं वाफ, मग नाक शिंकरा, चूळ भरा, खाकरा, डबीत टाका, परत फुंका. आकडा वीस टक्के खाली आला तर तिथेच बंद, डॉक्टर दाराशी असतातच. नाहीतर परत पाच मिनिटं. मी खोलीतला पंखा मोठा करते, पाठ फिरवून काहीतरी लिहिल्यासारखं करते. बायका पदर तोंडावर ओढून घेतात आणि आधी दाराची कडी बघतात. दम्याच्या पेशंटला दहाव्या मिनिटाला सुटतो, त्याला आयुष्यभराची सवय. निरोगी काकू वीस मिनिटं वाफ घेऊन डबीत टाकतात ती लाळ.

"काकू थुंकी नको, छातीतनं आलेलं पाहिजे."

"अगं बाई, छातीत काही नाहीच तर येणार कुठून?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी हे ऐकायला पाहिजे होतं. निरोगी माणसाकडून जे मिळतं ते बरेचदा एवढंसं, आणि स्लाइडवर गालाच्या आतल्या मोठ्या चपट्या पेशीच जास्त. म्हणजे एवढी मिनतवारी करून आणलेला माणूस, त्याचं सगळं पार पडतं आणि शेवटी त्याच्या नावापुढे "सॅम्पल अपुरं". असं झालं की त्या दिवशी माझ्याशी कुणी बोलू नये.

मिळालं तर मात्र पळापळ, कारण दोन तासांच्या आत ते हातावेगळं करायचं असतं, नाहीतर पेशी मरायला लागतात. काळ्या कागदावर काचेची डिश ठेवून लाळेतून घट्ट गोळे चिमट्यानं वेचायचे, त्यात डीटीटी नावाचं द्रावण घालून चिकटपणा मोडायचा (वास कुजक्या अंड्याचा, डबा खाऊन हे काम करू नये), बारीक जाळीतून गाळायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, स्लाइड करून रंगवायची. मग मायक्रोस्कोपखाली चारशे पेशी मोजायच्या. इओसिनोफिल दिसली की ओळखू येतेच, दोन पाळ्यांचं केंद्र आणि भोवती नारिंगी-गुलाबी दाणे गच्च भरलेले. चारशेत बारा म्हणजे तीन टक्के, तिथून पुढे आम्ही इओसिनोफिलवाल्या जातीचा दमा म्हणतो. दम्याच्या काही पेशंटमध्ये दोन-अडीचशे दिसतात, अख्खी स्लाइड नारिंगी. निरोगी माणसाच्या स्लाइडवर चारशे मोजून एखादी सापडते किंवा सापडतच नाही.

फिरवल्यावर वर राहिलेला बेडक्याचा साफ द्रव, रक्तातलं सीरम, प्लाझ्मा, आरएनएची वेगळी नळी, हे सगळं छोट्या छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. एकाच मोठ्या नळीत ठेवत नाही कारण प्रत्येक वेळी वितळवून परत गोठवलं की आतली प्रथिनं खराब होत जातात, एक कुपी एकदाच उघडायची. एका डब्यात नऊ बाय नऊ म्हणजे ८१ खाने, प्रत्येक खान्याचा पत्ता कॉम्प्युटरवर. लेबल प्रिंट केलेलंच पाहिजे, मार्करनं लिहिलेलं स्पिरिटच्या एका थेंबानं पुसलं जातं आणि मग ती कुपी कुणाचीच नाही. सगळ्यांना आम्ही सकाळी नऊ ते अकरामध्येच बोलावतो त्याचंही कारण आहे, रक्तातले इओसिनोफिल दिवसभर एकसारखे नसतात, सकाळी कमी, रात्री जास्त. एकाचं सकाळी आणि दुसऱ्याचं संध्याकाळी घेतलं तर फरक दम्याचा का घड्याळाचा, कसं सांगणार?

आता इथे माझं खरं गाऱ्हाणं. पेशंट भराभर मिळाले, त्यांच्या कुप्या फ्रीजरमध्ये जाऊन बसल्या. निरोगी माणसं रडतखडत येताहेत, त्यांच्या कुप्या आत्ता आत्ताच्या. उद्या दोन्ही एकत्र तपासायला काढल्या आणि एखादं प्रथिन पेशंटमध्ये कमी दिसलं, तर ते दम्यामुळे कमी की फ्रीजरमध्ये जास्त दिवस पडून कमी? संख्याशास्त्रवाले म्हणतात आपण हिशोबात ते धरू. धरतीलही. पण एका पेशंटमागे एक निरोगी असं त्याच आठवड्यात घेत गेलो असतो तर धरायची वेळच आली नसती, आणि हे प्रपोजल लिहिताना ज्यांना वाटतं की "हेल्दी कंट्रोल काय, कुठेही मिळतात" त्यांना मी एक दिवस ओपीडीच्या बाकावर बसवणार आहे.

फ्रीजरची काळजी वेगळीच. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे सगळ्यांना माहीत, जनरेटर आहे, अलार्म आहे, तापमान वाढलं की माझ्या फोनवर मेसेज येतो, पण खरा भरवसा आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांवर. त्यांना एवढंच सांगितलंय की दारावरचा उणेपुढचा आकडा ८० वरून सत्तरच्या खाली आला की फोन करा आणि दार उघडून बघायचं नाही, कुणी कितीही मोठा डॉक्टर आला तरी. बंद दारात थंडी कित्येक तास टिकते, उघडलं की गेली. काकांनी एकदा खरंच एका मोठ्या माणसाला अडवलं होतं. बाहेरगावच्या लॅबला पाठवायचं असलं की थर्माकोलचा डबा, कोरडा बर्फ, तीन आवरणं, वर ठरलेली लेबलं. त्या बर्फाचा गॅस होतो म्हणून डबा हवाबंद चिकटवायचा नसतो, आणि दरवेळी नवा कुरिअरवाला प्रेमानं चारी बाजूंनी टेप मारायला लागतो.

लोक जाताना विचारतात, रिपोर्ट कधी मिळेल? श्वासाच्या टेस्टचा आणि रक्ताच्या साध्या तपासणीचा देतो. बाकीच्यांचा नाही, कारण त्यांचा अर्थ अजून कुणालाच माहीत नाही, तेच तर शोधतोय. हे आधीच, सहीच्या आधी सांगावं लागतं, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं. पुढच्या दुसऱ्या अभ्यासाला कुप्या वापरू का, हो की नाही, हे वेगळं विचारतो आणि त्याची वेगळी सही. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी आमचा नसलेला एक साक्षीदार. पैसे म्हणाल तर रिक्षाभाडं आणि बुडालेला रोज, त्याहून जास्त दिलं तर ते आमिष होतं. मधेच नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येतं. एका काकांनी फोन केला, सुनेला आवडलं नाही म्हणाले, काढून टाका माझं. त्यांच्या सगळ्या कुप्या शोधून काढल्या, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेनं नष्ट केल्या, नोंद केली आणि त्यांना परत फोन करून सांगितलं. ते फार ओशाळले होते, "तुमचं नुकसान झालं का ताई?" म्हणाले. झालं होतं, पन्नाशीचा निरोगी पुरुष होता! नाही म्हटलं.

सध्या माझा डोळा टेकडीवर आहे. तळजाईला, वेताळ टेकडीला सकाळी सहाला जी मंडळी चढतात त्यांच्यात पन्नास ते सत्तरचे पुरुष भरपूर, वेळ आहे, उत्साह आहे, सिगारेट नाही. दोन-तीन सकाळी जाऊन ओळख काढली, एका ग्रुपनं तर मलाच सूर्यनमस्कार घालायला लावले, आणि सहाजण आले सुद्धा. सहाही जणांची फुंकर तक्त्यापेक्षा वरची, एका आजोबांनी तर मशीनचा आलेख असा काढला की टेक्निशियननं बाकीच्यांना बोलावून दाखवला. मी खुशीत. आमच्या सरांनी आकडे बघितले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे जरा जास्तच निरोगी आहेत गं, रोज टेकडी चढणारा माणूस म्हणजे नॉर्मल पुणेकर नव्हे." म्हणजे आता टेकडी न चढणारी, सिगारेट न ओढणारी, शिंका न येणारी, जंत नसलेली आणि रविवारी सकाळी रिकामी असलेली माणसं शोधायची आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बघते, तिथे निदान पाण्याच्या टँकरवरून भांडायला सगळेच रिकामे असतात.